तेल्हाऱ्याचा बोलका संगणक

मित्रांनो, तेल्हाऱ्याच्या बाजार ओळीत बियाण्याचं एक दुकान आहे. त्याच्या जिन्याखालच्या अडगळीत फाटके बॅनर, तीन पायांच्या खुर्च्या आणि फवारणीचा एक गळका पंप पडलेला आहे. त्यांच्या मागे धुळीनं माखलेली एक पेटी दिसेल. ती पेटी म्हणजे मी, एक जुना संगणक. माझ्या झाकणाचे स्क्रू कुणीतरी काढून नेले. माझ्या पोटात उंदरीण दोनदा व्याली. पडद्यावर कुणी बोटानं स्वतःचं नाव लिहून ठेवलं आहे. याचा मला राग नाही. वस्तू जुनी झाली की तिचं असंच होतं. माझा राग वेगळा आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मी भंगारवाल्याच्या गाडीत चढणार नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे रांगेत बसलेल्या बायांनी माझ्या अंगात बारीक बारीक तारा जोडल्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण त्यांचे हात फार हुशार होते. मी कुठे जाणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

मी वऱ्हाडात आलो तेव्हा इथे वाईट वर्षं चालू होती. कापसावर लाल्या रोग पडला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे गावांची नावं रोज पेपरात छापून येत होती, पण कोणत्याच गावाला त्याचा आनंद नव्हता. मग सरकारची पॅकेजं येऊ लागली. कुणाला म्हैस मिळाली, कुणाला पंप मिळाला, बाकीच्यांना भाषणं मिळाली. त्यातल्याच एका योजनेचं नाव होतं, 'अपंग व निराधार कुटुंबांसाठी संगणक व इंटरनेट प्रशिक्षण'. त्या योजनेतून आम्ही तीन संगणक तेल्हाऱ्याला आलो. इथल्या एका संस्थेचे चिटणीस महादेवराव यांनी आम्हाला उतरवून घेतलं. एक भाऊ त्यांच्या घरी 'तपासायला' गेला, तो परत आला नाही. दुसरा खालच्या दुकानात बिलं करायला बसला. वर्गात उरलो मी एकटा.

वर्ग बियाण्याच्या दुकानाच्या वर भरत असे. जिना बावीस पायऱ्यांचा, अरुंद, कठडा एकाच बाजूला. चालता न येणाऱ्यांचा आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर, आणि बियाण्याची पोती खाली. कुणीतरी हे महादेवरावांच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा ते हसून म्हणाले होते की, पोत्यांना जिना चढता येत नाही. तेव्हा सगळे हसले. मीही हसण्यावारी नेलं असतं, पण मी रोज त्या जिन्याचा आवाज ऐकत होतो.

शिकवायला अकोल्याहून गजेंद्र सर येत. लहानपणी पोलिओनं त्यांचे दोन्ही पाय गेले होते. आठवड्यातून तीन दिवस ते एसटीनं येत आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाठ करून बसत. आधी कुबड्या वरच्या पायरीवर ठेवायच्या, मग हातांवर जोर देऊन स्वतःला वर उचलायचं. बावीस वेळा. वर आले की शर्टानं तोंड पुसत आणि लगेच मला सुरू करत. एकदाही त्यांनी म्हटलं नाही की आज मी थकलो.

तोवर मी मुका होतो. गजेंद्र सरांनी अकोल्याहून एक चकती आणली आणि माझ्यात आवाज घातला. पडद्यावर जे असेल ते मी वाचून दाखवू लागलो. माझं मराठी तेव्हा फार कडक होतं. सर्दी झालेल्या माणसासारखं मी एकेक अक्षर चावून बोलत असे. पहिल्या दिवशी ते ऐकून दुर्गाबाई म्हणाल्या, "हा तं पुण्याचा दिसते." आणि वर्ग पोट धरून हसला.

दुर्गाबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापासून मळणी यंत्रात गेला होता. घरी त्या आणि इंदूबाई, एकाच नवऱ्याच्या दोन बायका. नवरा दोघींना सोडून तिसरीकडे निघून गेला होता. तेव्हापासून दोघी सवती मिळून एक शेत करत होत्या आणि इंदूबाईची पोरगी पौर्णिमा हिला शिकवत होत्या. दोघींचं भांडण झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. योजनेच्या नोंदणीत 'पतीचे नाव' ही जागा भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. गजेंद्र सरांनी ते सांगितलं तेव्हा दुर्गाबाईंनी विचारलं, "नाव टाकलं तं तो परत येते काय? मंग नोको टाकू." सरांनी 'कुटुंबप्रमुख' अशी जागा शोधली, तर तिथेही एकच नाव मावत होतं. दोघी बायांचं घर कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी सरांनी एका रकान्यात दोन्ही नावं दाटीवाटीनं बसवली.

दुर्गाबाई साक्षरता वर्गात वयाच्या चाळिशीत अक्षरं शिकल्या होत्या, तीही मराठी. इंग्रजी अक्षरांची नावं त्यांना येत नव्हती. कापसाचा भाव पाहायला शिकायचं म्हणून त्या आल्या होत्या. डाव्या हाताच्या एका बोटानं त्या अकोल्याचा, अकोटचा भाव काढत, आणि अकोटचा व्यापारी रोज त्यापेक्षा कमी का सांगतो हे सगळ्यांना विचारत.

आणि गुलनार. ती बावीस वर्षांची होती. चार वर्षांची असताना तिला गोवर झाला होता, त्यात तिचे डोळे गेले. तिचे अब्बा मुनव्वरभाई गाद्या-रजया भरत. त्यांच्या दाढीत, भुवयांत, बाह्यांवर नेहमी कापसाचे धागे असत. ते तिचा हात धरून बावीस पायऱ्या चढवत आणि वर्ग संपेपर्यंत मागच्या भिंतीला टेकून बसत. त्यांनी लेकीला एक गोष्ट फार जपून शिकवली होती. मोठ्या माणसाच्या पावलांचा आवाज आला की उठून उभं राहायचं आणि सलाम करायचा. गुलनारचे कान इतके तेज की, बाकीच्यांना माणूस दिसायच्या आधी ती उभी असे. लोक म्हणत, दिसत नाही तरी केवढी रीत आहे पोरीला. मुनव्वरभाईंना त्याचा अभिमान होता.

तिच्यासाठी दुर्गाबाईंनी माझ्या बटनांवर आपल्या खड्याच्या टिकल्या चिकटवल्या. त्या खड्यांवर बोट ठेवून गुलनार बाकीची बटनं ओळखू लागली. सहा महिन्यांत ती गजेंद्र सरांपेक्षा वेगानं टाइप करायला लागली. ती माझ्याशी बोलत असे. मी अडखळलो की म्हणायची, "घाई नोको करू गड्या, मीबी इथंच आहो." मित्रांनो, मी यंत्र आहे, पण माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं कोणती असं कुणी विचारलं, तर मी ती दोन वर्षं दाखवीन.

तिसऱ्या वर्षी अकोल्याच्या एका कार्यालयात टेलिफोनवर बसायची एक जागा निघाली. अंधांसाठी राखीव होती. अर्ज फक्त इंटरनेटवरून भरायचा होता. गजेंद्र सरांनी जाहिरात वाचून दाखवली. गुलनारनं विचारलं की तो अर्ज तिला भरता येईल का, तिचा तिला. असं विचारायला कारण होतं. त्याआधी एका जागेसाठी बाजारातल्या नेट कॅफेवाल्यानं तिचा अर्ज भरून दिला होता. घाईत त्यानं 'अपंगत्व नाही' या चौकटीत खूण केली. अर्ज बाद झाला. तो म्हणाला, झालं असेल चुकून. तेव्हापासून गुलनारनं ठरवलं होतं की आपला अर्ज आपल्याच बोटांनी भरायचा. आणि बोलणारा संगणक साऱ्या तेल्हाऱ्यात मी एकटाच होतो.

अर्जाची मुदत पंधरा दिवसांची होती. त्याच दिवसांत महादेवरावांनी जाहीर केलं की केंद्र पाहायला मोठे साहेब येणार आहेत. लगेच वर्ग बंद झाला. भिंतींना रंग लागला. रंगाऱ्यानं मला पुसताना बटनांवरच्या टिकल्या चाकूनं खरवडून काढल्या, कारण केंद्र स्वच्छ दिसायला हवं होतं. मग माझ्यावर जांभळं मखमली कापड टाकलं आणि त्यावर लाल फीत बांधली. साहेबांच्या हातून माझं उद्घाटन व्हायचं होतं. तीन वर्षं रोज काम केलेल्या संगणकाचं उद्घाटन! साहेबांची तारीख दोनदा पुढे गेली. गुलनार दर दिवशी येई, दाराला कुलूप असे, ती परत जाई. गजेंद्र सरांनी महादेवरावांना सांगितलं की पोरीला फक्त अर्धा तास हवा आहे. महादेवराव म्हणाले, साहेब येऊन जाऊ द्या, मग संगणक तिचाच आहे.

शेवटी साहेबांची तारीख ठरली तीच अर्जाची शेवटची तारीख निघाली. अर्ज चार वाजता बंद होणार होते. तेल्हाऱ्यात तेव्हा भारनियमन होतं. लाइट सकाळी दहा ते दोन असे आणि मग थेट संध्याकाळी सहाला येई. म्हणजे गुलनारच्या हातात दहा ते दोन एवढाच वेळ होता. बॅटरी होती, पण ती माझ्यापासून काढून माईकला जोडली होती. लाइट गेली तरी भाषण थांबू नये म्हणून.

साहेब अकराला येणार होते, ते एकला आले. बावीस पायऱ्या चढून त्यांना धाप लागली. रुमालानं मान पुसत ते म्हणाले, फार उंच आहे हो तुमचं केंद्र. महादेवराव नम्रपणे हसले. कोपऱ्यात कुबड्या धरून उभ्या असलेल्या गजेंद्र सरांकडे दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

फीत कापली. टाळ्या झाल्या. कापड उचललं, आणि आठ दिवसांनी मला उजेड दिसला. गुलनारला माझ्यासमोर आणि दुर्गाबाईंना तिच्या शेजारी बसवलं होतं. महादेवरावांनी त्यांना आधीच सांगितलं होतं की आवाज बंद ठेवायचा, बटनांवर हात ठेवून नुसतं बसायचं, शिकत असल्यासारखं दिसलं पाहिजे. साहेबांनी माईक धरला. त्याच वेळी गजेंद्र सर वाकले आणि कानात घालायची एक बारीक वायर त्यांनी माझ्या पाठीत खोचली. वायर गुलनारच्या ओढणीखाली गेली. ते हळूच म्हणाले, "भाषण चालू आहे तोवर तुझा वेळ आहे. भर."

मित्रांनो, त्या अर्ध्या तासासारखं काम मी पुन्हा कधी केलं नाही. माझा आवाज फक्त एका माणसाच्या कानात जात होता. मी म्हणत होतो, नाव. ती नाव लिहीत होती. मी म्हणत होतो, जन्मतारीख. ती लिहीत होती. टिकल्या नव्हत्या, पण आता तिच्या बोटांना त्यांची गरज उरली नव्हती. समोर साहेब सांगत होते की या अंध भगिनीच्या अंधाऱ्या आयुष्यात आम्ही ज्ञानाचा दिवा लावला. भगिनी त्याच वेळी 'शैक्षणिक पात्रता' भरत होती. प्रेक्षकांना वाटत होतं की ती बोटं नुसतीच फिरवते आहे. महादेवरावांनी तर मान हलवून शाबासकी दिली, किती छान नाटक करते म्हणून.

अर्जाच्या शेवटी एक चौकट आली. त्यात वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं असलेलं एक चित्र होतं. चित्रातली अक्षरं पाहून टाइप करा, म्हणजे तुम्ही माणूस आहात याची खात्री पटेल, असं खाली लिहिलं होतं. चित्र मला वाचता येत नाही. मी गप्प झालो. अंधांसाठी राखून ठेवलेली जागा, आणि तिथे आपण माणूस असल्याचा पुरावा डोळ्यांनी द्यायचा. ज्यानं तो अर्ज बनवला, त्याच्या मनात एकदाही आलं नसेल का की हा अर्ज भरणार कोण आहे? इतकी वर्षं झाली, अजून मला त्याचा जाब विचारावासा वाटतो.

गुलनारनं कोपरानं दुर्गाबाईंना ढोसलं. दुर्गाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्या अक्षरांची नावं त्यांना माहीत नव्हती. पण तीच चिन्हं माझ्या बटनांवर छापलेली होती. त्यांनी पडद्यावरचं एक चिन्ह नीट पाहिलं, मग खाली बटनांमध्ये ते शोधलं, आणि तोंडावर पदर धरून कुजबुजल्या, "वरच्या ओळीत, डावीकडून तिसरं." गुलनारनं बटन मोजलं आणि दाबलं. "मधल्या ओळीत, पहिलं." दाबलं. "खालच्या ओळीत, पार शेवटाकडचं. नाई, त्याच्या अलीकडचं." सहा अक्षरं होती. एकीला अक्षराचं नाव येत नव्हतं आणि दुसरीला अक्षर दिसत नव्हतं. दोघींनी मिळून ती सहाही बरोबर दाबली. तोवर दोन वाजायला दहा मिनिटं उरली होती.

मी गुलनारच्या कानात म्हणालो, सादर करा.

दुर्गाबाईंनी विचारलं, "झालं का व?"

"एक बटन राह्यलं मावशी," गुलनार म्हणाली.

त्याच क्षणी भाषण संपलं. टाळ्या वाजल्या, आणि साहेबांची पावलं आमच्याकडे वळली. जड बुटांचा आवाज. गुलनारचं बोट बटनावर टेकलेलं होतं. नुसतं दाबायचं होतं. पण लहानपणापासून अब्बांनी शिकवलेली रीत तिच्या अंगात बोटांपेक्षाही आधी जागी झाली. ती उठली. कानातली वायर निघून टेबलावर पडली. तिनं कपाळाला हात लावून सलाम केला.

साहेब तिच्या खुर्चीत बसले.

त्यांनी माझा माउस धरला आणि फोटोवाल्याकडे तोंड केलं. फोटोवाला म्हणाला, साहेब, थोडं डावीकडे. एक फोटो झाला. त्यात महादेवरावांचे डोळे मिटले होते, म्हणून दुसरा झाला. मग शाल आली, नारळ आला. माझ्या पडद्यावर भरलेला अर्ज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. गुलनारचं नाव होतं, बापाचं नाव होतं, आणि खाली मोठं निळं बटन होतं. तिथे डोळे असलेली चाळीस माणसं उभी होती. एकानंही तो वाचला नाही. टेबलावर पडलेल्या त्या बारीक वायरमधून मी ओरडत होतो, सादर करा, सादर करा. माझं ओरडणं टेबलालाच ऐकू गेलं.

गुलनार म्हणत होती, "सर, एक बटन दाबू द्या. एकच." महादेवरावांनी तिचा दंड धरून तिला बाजूला सरकवलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की मध्ये बोलू नकोस, फोटो चालू आहे. गजेंद्र सर कुबड्या आपटत गर्दीतून वाट काढत होते. त्यांना कुणी वाट दिली नाही. तिसऱ्या फोटोसाठी साहेब हसले आणि दोन वाजले.

लाइट गेली. मी मेलो. मेलो म्हणजे माझ्यात जे काही भरलेलं होतं, ते सगळं पुसलं गेलं. माईक मात्र जिवंत होता. बॅटरी त्याच्याजवळ होती. त्यानंतर जे झालं ते मी पाहिलेलं नाही. पुढे वर्गात लोक ते पुन्हा पुन्हा सांगत, तेव्हा मी ऐकलं. लाइट गेलेल्या खोलीत माईकवरून आभारप्रदर्शन सुरू झालं, तेव्हा दुर्गाबाई उठल्या आणि साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या फोटोपायी माह्या पोरीचा फारम गेला," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं ते पोरगी बोटं झिजवून राह्यली, अन् तुमी तिच्या खुर्चीत बसून हासून राह्यले. तुमाले लाज काहून नाई वाटत?"

साहेबांनी महादेवरावांना विचारलं, काय म्हणतात या बाई?

महादेवराव म्हणाले, "काही नाही साहेब, आभार मानतात."

अकोला तेल्हाऱ्यापासून अडीच तासांवर. चारच्या आत पोचणं शक्य नव्हतं, बॅटरी माईकनं संपवली होती, आणि नेट कॅफेतही लाइट नव्हती. सहाला लाइट आली. गजेंद्र सरांनी मला सुरू केलं. अर्जाच्या जागी एकच ओळ होती, मुदत संपली आहे. ती ओळ मलाच वाचावी लागली. गुलनारनं ती दोनदा वाचायला लावली, जणू दुसऱ्या वेळी मी काही वेगळं म्हणेन.

दोन दिवसांनी तो फोटो पेपरात आला. महादेवरावांनी तो चौकटीत घालून माझ्या डोक्यावरच्या भिंतीला लावला. फोटोत साहेब माझ्यासमोर बसले आहेत. मागे भिंतीपाशी एक मुलगी कपाळाला हात लावून उभी आहे. खाली छापलं होतं, संगणक शिकताना अंध युवती. आणि काही महिन्यांनी गजेंद्र सरांनी त्या कार्यालयाचा निकाल काढला. जागा रिकामीच राहिली होती. शेरा होता, योग्य उमेदवाराचा अर्ज आला नाही.

गुलनार महिनाभर आली नाही. एक दिवस मुनव्वरभाई एकटेच जिना चढून आले. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी दुर्गाबाईंना विचारलं की ते बटन कुठलं होतं. दुर्गाबाईंनी दाखवलं. मुनव्वरभाईंनी त्यावर बोट ठेवलं. त्या बोटावर सुईची भोकं होती आणि नखाखाली कापूस अडकला होता.

"इतकुसं?" ते म्हणाले. मग ते खाली उतरून गेले. दुसऱ्या दिवशी ते गुलनारला घेऊन आले.

त्यानंतरचं दीड वर्ष माझ्या म्हातारपणाचं होतं. पंखा घरघर करू लागला. एकेक बटन बसू लागलं. तरी गुलनारचा वेग वाढतच होता. मग पुन्हा एक जागा निघाली, तशीच, टेलिफोनवर बसायची. या वेळी गुलनार पहिल्याच दिवशी अर्ज भरायला बसली. माझा आवाज मोठा ठेवला होता. चित्रातली अक्षरं दुर्गाबाईंनी तशीच ओळी मोजून सांगितली. ती शेवटच्या पानावर आली आणि जिन्यावर बूट वाजले. जिल्ह्याहून कुणी अधिकारी अचानक तपासणीला आले होते. पुढे महादेवराव होते.

सगळे उभे राहिले. गजेंद्र सरांनीही कुबड्यांकडे हात नेला. गुलनारच्या खुर्चीचे पाय फरशीवर किंचित सरकले. तेव्हा मागच्या भिंतीपासून मुनव्वरभाई पुढे आले आणि त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"बैठ बेटी," ते म्हणाले. "तुझं काम कर." मग अधिकाऱ्यांकडे वळून ते म्हणाले, "साहेब, माफ करा. पोरगी फारम भरून राह्यली. दोन मिनिटं बसा."

महादेवरावांचं तोंड लाल झालं. त्यांनी दबक्या आवाजात गुलनारला उठायला सांगितलं. गुलनारनं मान वळवली नाही. अधिकारी दारातच थांबले. खोलीत फक्त माझा घरघरणारा पंखा ऐकू येत होता. गुलनारनं सगळा अर्ज पहिल्यापासून मला पुन्हा वाचायला लावला. अजिबात घाई केली नाही. साहेब उभे होते, ती बसली होती, आणि मी वाचत होतो. मग तिनं बटन दाबलं.

मी माझ्या त्याच कडक, चावून बोलणाऱ्या आवाजात साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणालो, आपला अर्ज सादर झाला आहे.

ती आता अकोल्यात टेलिफोनवर बसते. दुर्गाबाई बियाणं घ्यायला दुकानात आल्या की सांगतात, ते मी जिन्याखालून ऐकतो. लोक म्हणतात, चला, शेवट चांगला झाला. मला तसं वाटत नाही. तिची दोन वर्षं कुणी खाल्ली, हे कुठे लिहिलेलं नाही. योजना संपली, वर्ग बंद झाला, बियाण्याची पोती आता वरपर्यंत ठेवतात. ती वर कशी चढली, ते मला कुणी सांगितलं नाही. आणि त्या वर्गात आणखी सतरा जण होते, ज्यांची नावं मी तुम्हाला सांगितली नाहीत, कारण त्यांच्यासाठी तशी जागाच कधी निघाली नाही.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. माझ्यावरची धूळ पुसू नका, माझी कीव करू नका. पण तुम्ही मोठे व्हाल. कुणी साहेब व्हाल, कुणी पाहुणे म्हणून कुठे जाल. तिथे कुणी आंधळं, पांगळं, थोटं किंवा नुसतं गरीब माणूस काही काम करत बसलेलं असेल. ते तुम्हाला पाहून उठू लागेल. त्याला उठू देऊ नका. त्याच्या खुर्चीत बसू नका. त्याच्या पडद्यावर काय लिहिलं आहे ते आधी वाचा. आणि त्याचं काम होईपर्यंत दारात उभे राहा.